मदत हवी आहे : सोलापुरात भाड्याचं घर जुन्या वस्तूंनी सजवायचंय, बजेट ३५ हजार

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आम्ही भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहायला आलोय. पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी आणि सामान म्हणाल तर एक दिवाण, लोखंडी कपाट, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. घरासाठी ३५,००० रुपये बाजूला काढलेत, पडदे आणि दिवेही त्यातच बसवायचेत. नवा सोफा घेतला तर बाकी कशालाच काही उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर शोरूममधला तो राखाडी सोफा मला नकोच आहे.

बाळीवेशीत माझ्या चुलत सासऱ्यांचं धाब्याचं जुनं घर आहे. ते दिवाळीनंतर पाडणार आहेत. "हवं ते घेऊन जा, उरेल ते भंगारात," असं त्यांनी सगळ्या सुनांना सांगून ठेवलंय. मी जाऊन बघून आले. सागवानी आरामखुर्च्या दोन आहेत, एकीचं वेताचं विणकाम पार फाटलंय. शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड आहे, वरची फळी कुजलेली. पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, हिरव्या ऑइलपेंटची लोखंडी ट्रंक, व्हॉल्व्हचा एक मोठा रेडिओ आणि ओसरीच्या खांबांवरचे कोरीव तोडे, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे.

दुसरीकडे, माझ्या मामांनी पूर्व भागातला मागाचा कारखाना बंद केला. माग वजनावर गेले, पण काही धोटे आणि जेकार्डच्या (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या) कार्डांची एक अख्खी माळ त्यांनी माझ्यासाठी ठेवलीय. ज्यांनी धोटा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीतभराहून लांब, होडीसारखा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी टोप, मधे सुताची कांडी बसायची पोकळी आणि सूत बाहेर यायला बाजूला चिनी मातीचं बारीकसं भोक. वर्षानुवर्षं मागावर धावून लाकूड असं गुळगुळीत झालंय की कुठल्याच पॉलिशने होणार नाही. आणि कार्डं म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोरीत ओवलेल्या. एक पट्टी म्हणजे नक्षीतला एक धागा. मामा म्हणतात, ही माळ मोराच्या चादरीची आहे. आजोबा गिरणीत होते, मामांचा माग होता. त्यामुळे आमच्या बैठकीत हेच दिसावं असं मला मनापासून वाटतं. बैलगाडीचं चाक आणि कंदील टांगलेलं हायवेवरच्या हॉटेलसारखं घर मात्र नको.

आता अडचणी. घरमालकांनी भिंतीला ड्रिल मारायला साफ नाही म्हटलंय. घरात दोन वर्षांचं पोर आहे. एका ठिकाणी खुर्च्यांची चौकशी केली तर पॉलिश आणि वेत मिळून जो आकडा सांगितला त्यात निम्मं बजेट संपत होतं. खुर्च्या परवडतील अशा कशा करून घ्यायच्या? रेडिओ चालू होईल का? मशीनच्या स्टँडवर काय ठेवू? ट्रंक रंगवू की तशीच ठेवू? आणि ही कार्डं ड्रिल न मारता भिंतीवर कशी लावू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (सोलापूर, फर्निचरचं काम करतो)

ताई, आधी खुर्च्या उन्हात उलट्या करून ठेवा आणि पायांखाली, सांध्यांत बघा. पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड आहे. मग औषध मारून, वास जाईपर्यंत बाहेर ठेवूनच घरात घ्या, नाहीतर ती दिवाणाला लागेल.

तुम्हाला बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा आकडा सांगितला असणार. जुन्या सागवानाला ते करू नका ओ, प्लॅस्टिकसारखं दिसतं. लाखेचं स्पिरिट पॉलिश सांगा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारायचे. खर्च बराच कमी आणि नंतर कुठे चरा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, एवढं सांभाळायचं. खुर्चीच्या रुंद हातांवर चहा ठेवायची सवय असेल तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

वेताचं म्हणाल तर फक्त फाटलेलीच विणून घ्या. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते, पण आपल्या उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. खरा वेत हवा खेळती ठेवतो. तो कोरड्या हवेत कडक होऊन तुटतो, म्हणून मार्च ते मे अधूनमधून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवत जा. वरून नको, वरची साल चकचकीत असते, पाणी पीत नाही.

प्रतिसाद (पुणे, माहेर सोलापूर)

दोन वर्षांचं बाळ आहे म्हणून ट्रंकेबद्दल आवर्जून लिहितेय. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता असते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती थेट २०१७ मध्ये. तेव्हा ती ट्रंक कोरड्या सँडपेपरने अजिबात घासू नका, गॅलरीत तर नाहीच. धूळ फरशीवर बसते आणि रांगत्या-खेळत्या मुलांच्या हातातून तोंडात जाते. रंग घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसून वर नवीन रंगाचे दोन हात द्या. पोपडे सुटत असतील तर ट्रंक चुलत सासऱ्यांकडेच राहू दे. मोह होतो, मला कळतं, पण पोरापुढे ट्रंक काय!

रेडिओ माळ्यावरून आणला आणि प्लगला लावला असं करू नका. आतले जुने कंडेन्सर इतक्या वर्षांत खराब झालेले असतात, थेट वीज दिली की फुटतात, ट्रान्सफॉर्मरही जळतो. आतली वायरही कडक होऊन तडकलेली असते. व्हॉल्व्हचं काम येणारा कारागीर मिळाला तर उत्तम. नाहीतर मागची वायर कापून टाका आणि शोभेला ठेवा. सुरू झाला तरी अशा बहुतेक सेटवर मीडियम आणि शॉर्ट वेव्हच लागते, आकाशवाणी सोलापूर एफएमवर आहे. त्यामुळे त्यावर खूप पैसे घालू नयेत असं माझं मत.

प्रतिसाद (सोलापूर)

मशीनच्या स्टँडवर शहाबादी फरशी ठेवा. आपल्या जुन्या घरांत तीच असायची, आणि शहाबाद कलबुर्गीच्या पुढे, आपल्याच रेल्वे लाइनवर. त्यामुळे इथे ती फार महाग नाही. दोन फूट बाय दीड फुटाचा इंचभर जाडीचा तुकडा साधारण १८ किलो भरतो. बिडाचा स्टँड ते आरामात पेलतो, पण बाळाला ओढता येऊ नये म्हणून स्टँडला पट्ट्या लावून फरशी घट्ट बसवा. खालचं मोठं चाक आणि पायडल दोरीने बांधून टाका, त्यात बोट सापडतं. काम झालं की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, काळसर छान दिसते. फक्त हा दगड चुनखडीचा आहे, लिंबू-चिंच सांडली की पांढरे चट्टे पडतात. घंगाळ चिंचेने घासाल ते मोरीत, या टेबलवर नको.

घंगाळात थेट माती भरू नका, आत कुंडी ठेवा. अजून पितळ हवं असेल तर शोभेच्या दुकानात जाऊच नका. भांड्यांच्या जुन्या दुकानात लोक मोड, म्हणजे जुनी भांडी, देऊन नवीन स्टील घेतात. ती मोड वितळायला जायच्या आधी दुकानदाराला विचारा, वजनावर देतात. डबे, तांबे, गडू, सगळं मिळतं. शोभेच्या दुकानात त्याच डब्याची किंमत 'अँटिक' म्हणून कितीतरी पट होते.

चादरीही शोरूममधून घेऊ नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यांत विचारा, विणीत एखादा दोष राहिलेला माल बाजूला काढलेला असतो. दिवाणावर घालायला कुणाला दिसणार आहे तो दोष?

मूळ प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार! ट्रंकेचं वाचून मिस्टर लगेच म्हणाले, राहू दे. त्यांना बरण्या आवडल्यात, त्या खिडकीच्या कट्ट्यावर जातील. फरशीची कल्पना तर इतकी आवडली की घर पाडताना ओसरीतलीच एखादी अखंड शहाबादी निघते का ते चुलत सासऱ्यांना विचारलंय. खुर्च्या रविवारी टेम्पोत येतील. बंब मात्र थोरल्या जाऊबाईंना हवाय, त्यांनीच घ्यावा. इतकी वर्षं रोज पहाटे त्याच तो पेटवत होत्या.

कार्डांचं आणि तोड्यांचं राहिलंच. कुणी सांगाल का?

प्रतिसाद (सोलापूर, विणकर कुटुंबातला)

कार्डांची माळ चिकट हुकांवर लावू नका, उन्हाळ्यात गोंद सैल होतो आणि पुठ्ठे सगळे खाली येतात. पडद्याचे रॉड घरमालकांनी लावलेले असतील ना? बैठकीतल्या एका रॉडवरूनच माळ सोडा, मागे फिकट कोरं सुती कापड. मागून उजेड आला की भोकं उठून दिसतील. उन्हाची खिडकी टाळा, पुठ्ठा ठिसूळ होतो. आणि दोरी कुठे कुजलीय ते आधी बघून घ्या, नवीन दोरी ओवायची असेल तर कार्डांवरचे आकडे पाहून क्रम लावा. मामांना शेजारी बसवा, ते लगेच सांगतील.

तोडे टांगायच्या भानगडीत पडू नका, फार जड असतात. कपाटाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर भिंतीला टेकवून उभे करा, खाली रबराचा तुकडा घाला म्हणजे फरशीवर सरकणार नाहीत. आणि धोटे बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, दोन्हीकडच्या पोलादी टोकांनी सहज जखम होते.