बर्बनच्या पिंपातली सिंगल माल्ट: व्हॅनिलाचा वास येतो कुठून?

चिंचवडचा_वाटसरू
भाऊ परदेशातून येताना ग्लेनमोरंजी ओरिजिनल ही स्कॉच व्हिस्की, 10 वर्षांची, घेऊन आला होता. ती शनिवारी उघडली. आजवर मी शेरीच्या, म्हणजे त्या स्पॅनिश वाइनच्या, पिंपातल्या माल्टच प्यायलोय. मनुका, खजूर, गडद रंग, तीच चव डोक्यात बसलेली. ही फिकट सोनेरी. पेला नाकाशी नेला तर थेट व्हॅनिला, मागून ओल्या खोबऱ्याचा वास. बायकोला हुंगायला दिलं, ती लगेच म्हणाली, "नारळाची वडी!" शेजारचे काका म्हणतात यात इसेन्स घालतात. खरं आहे का? आणि लोकांना हिचं एवढं कौतुक का?

उत्तरेचा_वारा
इसेन्स अजिबात नाही. स्कॉच सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली, पाणी, यीस्ट. वरून घालायची मुभा आहे ती फक्त पाण्याची आणि रंगासाठी साध्या कॅरमेलची. तुम्हाला आला तो वास लाकडाचा.

अमेरिकेत बर्बन, म्हणजे तिथली मुख्यतः मक्याची व्हिस्की, मुरवायची तर ओकचं पिंप नवं आणि आतून जाळलेलंच हवं, असा कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. मग ती सुमारे 200 लिटरची पिंपं स्कॉटलंडला येतात. जाळताना लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, लाकडातल्या साखरेची टॉफी होते. खोबरं येतं ते अमेरिकन पांढऱ्या ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यामुळे. वहिनींचं नाक तयारीचं आहे! लाकडाचा पहिला कडक अर्क बर्बनने घेतलेला असतो, म्हणून माल्टला जे मिळतं ते सौम्य.

आता कौतुकाचं. मी सहा वर्षं इन्व्हर्नेसला आहे. टेन गाव इथून गाडीने तासाभराच्याही आत. तिथली ग्लेनमोरंजीची दारू गाळायची तांब्याची पात्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. नुसती मानच 5.14 मीटर! एवढ्या उंचीवर हलकी वाफ तेवढी पोचते, जड आणि तेलकट भाग खाली परततो. त्यामुळे दारूच मुळात नाजूक, संत्र्याच्या सालीसारखी, फुलांसारखी. शेरीच्या दांडग्या पिंपात हे सगळं बुडून जाऊ शकतं. बर्बनचं पिंप ते बुडू देत नाही, आणि मला हे पिंप प्रिय आहे ते याचसाठी. स्कॉटलंडच्याच आयला बेटावरची आर्डबेग 10 पण बर्बनच्याच पिंपातली. पण तिथे आधी धूर आणि लिंबू येतं, व्हॅनिला हळूच मागून. दोन्ही शेजारी ठेवून प्या, कुठली चव लाकडाची आणि कुठली भट्टीची ते जिभेलाच कळेल.

बर्फ नको. तोंडाशी निमुळता पेला घ्या, दोन घोट तशीच, मग चमचाभर पाणी घालून पाच मिनिटं थांबा.

साष्टीकर
आमच्या गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन ब्रिलियन्स ही सिंगल माल्ट पण घेऊन बघा. तीही बर्बनच्या पिंपातली, धुराविना, 46 टक्क्यांची. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जातं, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. लाकडाची चवही तितक्याच झपाट्याने उतरते, म्हणून बाटलीवर वय लिहिलेलं नाही याने बिचकू नका. मला तिच्यात मध आणि जायफळ लागतं. आमच्याकडे काजूची फेणी बहुधा लाकडात मुरवत नाहीत, त्यामुळे पहिल्या वेळी ही लाकडाची गोडी मला अगदी नवीन वाटली होती.

चिंचवडचा_वाटसरू
दोघांचेही मनापासून आभार. काल पाणी घालून पाहिलं. व्हॅनिला मागे सरकला आणि खरंच संत्र्याची साल आली, सोलताना बोटांना लागते तशी. उरलेली बाटली दिवाळीत भाऊ येईल तेव्हा त्याच्याबरोबर. ब्रिलियन्स पुण्यात शोधतो, आणि काकांनाही बोलावतो.