शब्दचर्चा : ‘कुल्तो, लेईदो, एदुकादो’

अनुवादक : स्पॅनिश मृत्युलेखात एका ग्रंथपालाला ही तीन विशेषणं लागोपाठ लावली आहेत. मी ‘सुसंस्कृत, वाचलेला, सुशिक्षित’ असं केलं. संपादकांनी तिन्ही खोडली.

तळटीप : ‘एदुकादो’ खोडलं ते योग्यच. विरुद्धार्थी शब्द लावून बघा : ‘मालएदुकादो’ म्हणजे उद्धट, अशिक्षित नव्हे. म्हणून इथे ‘सभ्य’ किंवा ‘शालीन’. सुशिक्षितासाठी ‘इन्स्त्रुईदो’ आहे.

जुनीपोथी : ‘वाचलेला’ तर नकोच. अपघातातून वाचलेला वाटतो! ‘लेईदो’ पुस्तकाला लावलं तर वाचलेलं, माणसाला लावलं तर भरपूर वाचन असलेला. आपल्या ‘शिकलेला माणूस’ची रचना अशीच आहे, पण ‘वाचणे’ला दुसरा अर्थ चिकटलेला असल्यामुळे ती इथे चालत नाही.

तळटीप : ‘कुल्तो’ला ‘बहुश्रुत’ घ्या. ‘सुसंस्कृत’मध्ये वागणूक येते आणि ती ‘एदुकादो’त आलेलीच आहे. ‘कुल्तो’त इतिहास, कला, साहित्य यांची जाण हवी. अभ्यासात खोल शिरलेला तो ‘एरुदीतो’, म्हणजे व्यासंगी.

शुद्धमती : ‘सुविद्य’ असताना इतकी ओढाताण कशाला?

जुनीपोथी : ‘सुविद्य’ आता ‘सुविद्य पत्नी’पुरता उरलाय. मृत्युलेखात तो निमंत्रणपत्रिकेसारखा वाचला जाईल.

शुद्धमती : वापरलाच नाही तर उरेल कसा? आणि ‘साबियो’ला तरी सरळ ‘शहाणा’ म्हणाल की नाही?

तळटीप : नाही. स्पेनमधल्या कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाल १२५२–१२८४) ‘एल साबियो’ म्हणवला जातो तो विद्येमुळे. त्यानं अरबी ग्रंथांची भाषांतरं करवून घेतली, ग्रहगणिताची कोष्टकं तयार करवली. त्याचं राजकारण मात्र फसलं, मुलानंच बंड केलं. ‘शहाणा आल्फोन्सो’ वाचणाऱ्याला नेमकी उलटी कल्पना येईल. ‘विद्वान’च हवं.

जुनीपोथी : ‘दीडशहाणा’ मात्र ‘साबिओंदो’ला चपखल. ‘ओंदो’ (लिहिताना सुरुवातीला मूक ‘ह’) म्हणजे खोल, त्यावरूनच तो आला.

तळटीप : ती जोड मागाहूनची वाटते. ‘साबिओंदो’ ‘ह’सह आणि ‘ह’शिवाय, दोन्ही प्रकारे लिहितात आणि स्पॅनिश अकादमीच्या कोशाला दोन्ही मान्य आहेत. तो ‘ह’ उच्चारत नाहीत, त्यामुळे नुसत्या लेखनावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

शुद्धमती : पण अर्थ तर जुळतो!

अनुवादक : ‘लेईदो’ला एका शब्दात काय म्हणू? मजकूर आज द्यायचा आहे.

जुनीपोथी : अर्थ जुळतो म्हणूनच लोकांनी ‘ह’ घातला असेल, शुद्धमती. आधी काय आणि मग काय, हे ठरवायला जुने दाखले लागतील.