एक दिवसाची सहल: तुमच्याकडे बेत कोण आखायचं?

धीमी_गाडी
काल घाटकोपरला उभी होते, रविवारच्या मेगाब्लॉकची घोषणा सुरू झाली. माटुंगा ते मुलुंड, धीमा मार्ग. आजूबाजूच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मला एकदम बाबा आठवले. शनिवारी पेपर आला की ते आधी ब्लॉकची चौकट वाचायचे, मग मथळे.

आमच्या चाळीच्या एक दिवसाच्या सहली बाबा ठरवायचे. त्यांचं गणित उलटं असायचं. कुठे जायचं हे नंतर, आधी परतीची गाडी. रविवारी संध्याकाळी कर्जतहून कुठल्या गाडीत बायकामुलांना बसायला मिळेल, ती गाडी पक्की करायची आणि तिथून मागे मागे येत सकाळी किती वाजता दार लावायचं ते काढायचं. हे सगळं जुन्या पोस्टकार्डाच्या मागे पेन्सिलीने. गाडी, फलाट, कोणाकडे पाणी, कोणाकडे सतरंजी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे, लोणचं कुलकर्ण्यांकडे, पत्ते ज्याच्याकडे पूर्ण बावन्न असतील त्याच्याकडे.

माथेरान, कोंडाणे लेणी, टिटवाळा, अंबरनाथचं शिवमंदिर. सगळं मध्य रेल्वेच्या आसपासच, पण दिवेलागणीला घरी.

आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मतदान होतं. माथेरान ६, अलिबाग ५, "काहीही चालेल" ९. आणि रविवारी सगळे घरी पिझ्झा खात.

तुमच्याकडे कोण आखायचं? कसं? लिहा.

नाहूरवासी
धीमा ब्लॉक म्हणजे गाड्या जलद मार्गावर, म्हणजे विद्याविहार, कांजूर, नाहूर बाद. आमची सहल मुलुंडला चालत जाण्यापासूनच सुरू होते :)

शून्य_नियोजन
आमच्याकडे कोणीच आखायचं नाही. दादा सकाळी उठून म्हणायचा चला. आई म्हणायची कुठे. दादा म्हणायचा आधी चला तर. एकदा वसईचा किल्ला बघायला निघालो आणि नालासोपाऱ्याला मामाकडे जेवून परत. किल्ला अजून बघायचाय.

उन्हाळी_कैरी
@शून्य_नियोजन मामाकडे काय होतं जेवायला?

शून्य_नियोजन
बोंबलाचं कालवण. किल्ला काय, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेऊन ठेवलाय, कुठे पळतोय.

कोकण्या
अलिबागला जाणाऱ्यांनी बोटीचं वेळापत्रक बघण्याआधी पंचांग बघावं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं आणि गेटवेवरून पहिली बोट पकडून धावत गेलेली माणसं भरतीच्या पाण्याकडे बघत वडापाव खाताना मी खूप पाहिलीत.

आमच्या आजोबांचा हिशोब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाचे सहा, सहाला पूर्ण भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, अडीचला ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा.

मुंबईहून जाणाऱ्याला सगळ्यात सोयीची चतुर्थी. तीनला भरती म्हणजे नऊच्या पुढे ओहोटी. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, तेही साधतं. अष्टमीची ओहोटी मात्र अर्धवट असते, पाणी पूर्ण हटत नाही, गुडघाभर तुडवावं लागू शकतं. पौर्णिमा-अमावस्येला समुद्र लांब आत जातो, पण तो सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे एका दिवसात परतणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

आणि हे सगळं झालं तरी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. तो रोज बघतो, पंचांग नाही बघत.

भटकभवानी
@कोकण्या हे तिथीचं मी वहीत लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा चतुर्थीचा उपासाशिवाय काही उपयोग कळला.

चहाबाज
उपास असेल तर अलिबागला जाऊन करणार काय? तिथे जायचं ते मासे खायला.

निमामावशी
सगळ्या पुरुषांनी गाड्या आणि भरत्या सांगितल्या. बायकांच्या सहलीचा बेत कशावर ठरतो ते मी सांगते. स्वच्छतागृहावर.

आमचं भिशी मंडळ आहे. साठीच्या पुढच्या सगळ्या. जागा सुचवली की पहिला प्रश्न, तिथे सोय आहे का. धबधबा, टेकडी, "एकदम अनटच्ड बीच" हे सगळं तिथेच बाद. देवस्थान असेल तर बहुतेक भक्तनिवास असतो, म्हणून गणेशपुरी-वज्रेश्वरी आमचं लाडकं. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, गुडघ्यांना बरं वाटतं. मग प्रसादाचं जेवण आणि परत.

एसटीने जातो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि आमच्यातल्या दोघी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना फुकट. त्या दोघी आधार कार्ड असं काढून दाखवतात की जणू पदक मिळालंय. कंडक्टर म्हणतो आजी बसा आता, दिसलं. वाचलेल्या पैशाचं काय करायचं यावर दर वेळी भांडण होतं आणि दर वेळी उसाचा रस होतो.

सकाळी निघताना चहा निम्मा प्यायचा. हा आमचा नियम क्रमांक एक.

आईआहेमी
मावशी 🙏🙏 नियम क्रमांक एक फ्रेम करून लावते. लहान मुलं असतील तर हेच, फक्त चहाच्या जागी फ्रूटी.

चहाबाज
निम्मा चहा?? मी या धाग्यावरून निघतो.

पालघरकर
मध्य रेल्वेवाल्यांना वाटतं जग कर्जत आणि कसाऱ्याला संपतं. अहो २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. केळवे रोडला उतरा, बाहेर रिक्षा असतात, थेट किनारा. सुरूची बाग आहे, सावलीत सतरंजी पसरा. वाळूत अर्धा रुतलेला छोटा किल्ला आहे, तो पोरांना चढायला पुरतो. शितलादेवीचं देऊळ. जाताना वाटेत पानाच्या वाड्या दिसतील, विड्याची पानं. जमलं तर आत डोकवा, बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा असतो.

एकच बघा, डहाणूकडच्या लोकल कमी आहेत. एक चुकली तर पुढची लवकर नाही. धीमी_गाडींच्या बाबांचं गणित इकडे जास्त लागू पडतं.

उन्हाळी_कैरी
केळव्याला एप्रिलमध्ये ताडगोळे मिळतात का?

पालघरकर
मिळतात. सोलून देतात. घरी न्यायचे असतील तर सोलू देऊ नका, पाणी सुटतं.

पुणेरी_पाटी
आम्हाला सहल वगैरे आखावी लागत नाही. पहाटे सिंहगड चढायचा, वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही, खाली उतरून दहाला ऑफिस. तुमचा दिवस जातो तो गाडीत.

नाहूरवासी
आणि मग दिवसभर ऑफिसात सिंहगड चढल्याचं सांगायचं.

पुणेरी_पाटी
अर्थात. नाहीतर चढायचा कशाला.

घाटवाट
कॉलेजात असताना लोहगड-विसापूरचा बेत मी आखायचो. मुंबईहून लोणावळ्याला एक्सप्रेसने, तिथून पुणे लोकलने एकच स्टेशन, मळवली. मळवलीहून चालत भाजे लेणी. बरेच जण लेणी सोडून सरळ गडावर जातात. का जातात कळत नाही. ते मोठं चैत्यगृह आहे ना, त्याचे खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधकामाची सवय दगडात तशीच उतरली. छताला लाकडी कमानी अजून आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. पावसात लेण्यावरून पाण्याची धार पडत असते, तिच्या मागे उभं राहून समोर बघायचं.

तेव्हा माझ्या कागदावर दोन रकाने असायचे, "ठरलं" आणि "पाऊस आला तर". दुसऱ्या रकान्यात नेहमी एकच शब्द. भाजे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये. लोक म्हणतात आता गर्दी होईल. पावसाळ्यातल्या रविवारी त्या पायऱ्यांवर याआधी गर्दी नव्हती असं कोण म्हणतंय? वारी असते वारी. मंगळवारी जा. सुट्टी टाका. आजीला आजारी पाडा.

शून्य_नियोजन
माझी आजी त्या हिशोबाने फार नाजूक होती.

आईआहेमी
पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते, रागावू नका कोणी. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. मी पाहिला आणि आमचा पुढच्याच आठवड्याचा बेत बदलला. वर डोंगरात पाऊस कोसळत असतो आणि खाली आपल्याला नुसती भुरभुर लागते, पाणी वाढतं ते मिनिटांत. जिल्हाधिकारी दर वर्षी बंदीचे आदेश काढतात, लोक पाटीच्या बाजूने उडी मारून जातात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वाहत्या पाण्यात उतरणं बंद. भिजायचं तर रस्त्यावर उभं राहून भिजा, कणीस खा.

निमामावशी
बरोबर बोललीस गं.

घाटवाट
सहमत. शिवाय ओल्या दगडावरचं शेवाळं. बूट कितीही महागाचे असोत.

रुळावरची_मैना
माथेरानचं कोणी सविस्तर लिहिलंच नाही! आमचे आजोबा रेल्वेत होते म्हणून आमची सहल म्हणजे तीच. १९०७ ची गाडी, दोन फुटी रूळ, नेरळपासून चढ. खिडकीशी बसायला भांडण. मध्येच गाडी इतकी हळू व्हायची की दादा उतरून दोन पावलं बाजूने चालायचा आणि परत चढायचा (आता करू नका, आरडाओरडा होईल).

बेत करणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात नेरळहून वर गाडी नसते, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका, पुढे अमन लॉजहून शटल. ती नाही मिळाली तर रुळाच्या कडेकडेने चालत बाजारपेठ. वाहनबंदी आहे म्हणून तर तिथे जायचं. पांढरे मोजे घालू नका. ती लाल माती धुऊन जात नाही, आमच्या घरात एक मोज्यांचा जोड अजून "माथेरानचा" म्हणून ओळखला जातो.

चहाबाज
परत आलो. नेरळला उतरल्यावर चहा कुठे चांगला?

रुळावरची_मैना
पूर्ण पिणार की निम्मा?

जर्सीकाकू
न्यू जर्सीहून वाचतेय. इथे एक दिवसाची सहल म्हणजे गाडीत पेट्रोल भरा आणि सुटा, कोणाला काही विचारावं लागत नाही. स्वच्छतागृहं झकास, मावशींना आवडेल. पण अडीच तासांत कोणी शेजारचं अनोळखी माणूस आपल्या पोराला मांडीवर घेऊन चिक्की देत नाही. डिसेंबरात येतेय, एखादी छान जागा सुचवा. गुडघे दुखतात.

कोकण्या
डिसेंबर म्हणजे वालाच्या शेंगांचे दिवस. काकू, पोपटी! पेणकडे, अलिबागकडे, कर्जतला, शेतावर कोणी ओळखीचं असेल तर. दिवसभराचं काम, बसून करायचं, गुडघ्यांना त्रास नाही.

जर्सीकाकू
अगंबाई पोपटी! लग्नाआधी खाल्ली होती. भांबुर्डा लागतो ना?

कोकण्या
हो तर. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, कांदे, अंडी. खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी पानात गुंडाळून मधोमध. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वरून पाला ठासून तोंड बंद, मडकं उलटं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्धा तास धरा. वरून पाण्याचा शिंतोडा मारला की चर्र आवाज आला पाहिजे. शेंगा कोवळ्या नकोत, दाणा भरलेला हवा.

उन्हाळी_कैरी
शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं लावता का?

कोकण्या
लावतो. आणि ते आधी संपतं.

निमामावशी
कर्जतला माझ्या भाचीचं शेत आहे. घरही आहे. (सोय आहे.) डिसेंबरातला शेवटचा शनिवार चालेल का सगळ्यांना? भाचीला विचारते.

आईआहेमी
शाळांना नाताळची सुट्टी असेल तेव्हा, आम्ही तिघं.

धीमी_गाडी
मी येते. दशम्या आणते. परतीची गाडी मी बघते.

पुणेरी_पाटी
पुण्याहून कर्जत लांब नाही. निमंत्रण आलं तर विचार करू.

नाहूरवासी
हेच निमंत्रण. येताना भाकरवडी.

पालघरकर
चिकू माझ्याकडून, घोलवडचे. मडकं कोण आणतंय?

कोकण्या
माझ्याकडे दोन आहेत. मोठं काळं झालंय पण तडा गेलेला नाही. भांबुर्डा तिथेच बांधावर मिळेल, भाचीला सांगा की उपटून टाकू नका.