मदत हवी आहे : 'मेक' आणि 'डू' मुलांना कसे शिकवावे?

सर्वांना सविनय नमस्कार. चोपडा तालुक्यातील एका गावात मी नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. ही मुले घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलतात. 'करणे' या एका क्रियापदावर त्यांचे सारे भागत असल्याने 'डू अ मिस्टेक' आणि 'मेक होमवर्क' असे चुकीचे प्रयोग त्यांच्या वह्यांत सर्रास आढळतात.

कृतीतून काही नवे निर्माण होत असेल तर 'मेक' आणि नेमून दिलेले काम असेल तर 'डू', हा प्रचलित नियम मी सांगतो. 'मेक टी', 'मेक अ लिस्ट', 'डू द शॉपिंग' येथपर्यंत तो चालतो. परंतु 'मेक द बेड' (अंथरूण नीट करणे) म्हणताना पलंग कोणी घडवत नाही, आणि 'डू डॅमेज' म्हणताना नुकसान मात्र नव्यानेच होते. केळीच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले, तर तो 'डू बिझनेस' करतो, पण त्याच धंद्यात 'मेक अ प्रॉफिट', 'मेक अ लॉस' आणि 'मेक अ पेमेंट' होते, तेव्हा मुलांनी कारण विचारले की उत्तर देणे अवघड जाते. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश इंग्रजीत रूढ असून अमेरिकेत 'मेक अ डिसिजन' अधिक चालते, हा गुंता निराळाच.

नियम सोडून क्रियापद आणि नाम यांच्या जोड्याच पाठ करून घ्याव्यात, असे माझे मत होत चालले आहे. ज्यांनी मराठी माध्यमात हा भाग शिकवला आहे, त्यांनी प्रथम कोणत्या जोड्या घेतल्या आणि सराव कसा करून घेतला, हे कृपया सविस्तर कळवावे.