रानभाज्या घेतल्या, रीत कोण घेणार?

गंगेवरचा
पाऊस लागला की बुधवारच्या बाजारात पेठ-हरसूलकडच्या शेवळांच्या जुड्या, फोडशी, टाकळा, वास्ते येतात आणि नाशिककर त्यावर तुटून पडतात. नागलीची बिस्किटं तर आता बारमाही झाली. याला आपण ‘आदिवासी आहार’ म्हणतो. माझं म्हणणं असं, की आपण वस्तू उचलली आणि रीत तिथेच ठेवली. कधी तोडायचं, किती ठेवायचं, विष कसं उतरवायचं हे कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतलं खरं ज्ञान. फोडशी जमिनीच्या वर कापतात, कंद राहू देतात, म्हणून पुढच्या आषाढात तीच जागा पुन्हा हिरवी होते. करटोलीचं तसंच: वेल वाळला तरी कंद जमिनीत जिवंत असतो. मॉलमधल्या नागली बिस्किटाच्या पुडक्यावरची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि बहुतेक वेळा पहिला नंबर मैद्याचा. शिकायचंच असेल तर रीत शिका.

पाथर्डीफाटा
पुन्हा तेच गोडवे! रीत म्हणता ती पुष्कळशी नाइलाजातून आली आहे. कडूकंद कोणी हौसेने खात नव्हतं, कणगी रिकामी झाली की खात. कुडाच्या घराचं कौतुक शहरातला माणूस करतो. तिथल्या माणसाला स्लॅब हवा, कारण कुडातल्या कारवीच्या काटक्यांना वाळवी लागते आणि दर वर्षी शेणमातीने लिंपावं लागतं. ते लिंपण कोण करतं? बाईच. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि पाड्यावरची बाई मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे वाहते. आधी रस्ता, नळ, दवाखाना द्या, मग त्यांच्याकडून धडे घ्या. शिवाय तुमच्या या ‘शिकण्या’ने मागणी वाढते, आणि मागणी वाढली की व्यापारी जुडीच्या भावाने घेतो. मग कापत कोण बसणार? सरसकट उपटतात.

खलबत्ता
दोघांनाही थोडं बाजूला सारून स्वयंपाकघरातलं बोलते, कारण तिथली चूक महागात पडते.

शेवळं: वरची जांभळी पारी काढा. आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग खरवडून टाका, सगळ्यात जास्त खाज त्यालाच. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता, मगच काकडाचा, म्हणजे रानातल्या त्या आंबट फळाचा, रस घाला. जुडीला आठ-दहा काकडं लागतात. विकणारी मावशी ती सोबतच देते आणि शहरातली गिऱ्हाइकं ‘हे कशाला’ म्हणून परत करतात! शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. साध्या पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकडून भागत नाही. काकड नसेल तर चिंच किंवा कोकम, पण सढळ हाताने. लाल मिरची वाढवून खाज जात नाही, नुसती झाकली जाते.

वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब: यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. पातळ चकत्या करून रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं झाकण न ठेवता उकळा आणि तेही पाणी फेका. झाकण ठेवलं की जे वाफेबरोबर जायला हवं ते भांड्यातच राहतं. कुकर तर नकोच.

कडूकंद: पातळ काप, राखेच्या पाण्यात उकळणं, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात. सकाळी चव घ्यायची. कडू लागलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ते कडू द्रव्य यकृताला घातक आहे. फ्लॅटमध्ये पातेल्यातलं पाणी दोनदा बदलणं म्हणजे ओढा नव्हे, तेव्हा कडूकंदाच्या वाटेला जाऊच नका.

टाकळ्याचं सोपं आहे, पहिल्या पावसानंतरचा कोवळा पालाच घ्यायचा. श्रावणात तो जून होतो.

गंगेवरचा
@खलबत्ता, मी रीत म्हणतो ती हीच. आणि @पाथर्डीफाटा, नाइलाजातून आलं म्हणून ज्ञान खोटं ठरत नाही. नागली धुऊन रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळा. या पिठाची पेज पातळ होते, कारण मोड येताना तयार झालेली विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडतात. म्हणून बाळाच्या वाटीत त्याच पातळपणाला जास्त पीठ मावतं. नागलीत 100 ग्रॅमला 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि ते अंगी लागायला आड येणारं फायटेट मोडामुळे कमी होतं.

निफाडकर
नागलीचं ठीक, पण ती रोपं येतात कुठून? राबातून. एप्रिल-मेमध्ये रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, भुसभुशीत मातीतून रोप अलगद निघतं, हे सगळं मान्य. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो आणि दर वर्षी झाडं बोडकी होतात. चारसूत्री भातशेतीत, म्हणजे चार सूत्रांच्या सुधारित लागवडीत, यावर उत्तर आहे: गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची. तणासाठी ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून, कडा मातीत गाडून ठेवायचं. कडा उघड्या राहिल्या तर ताप धरत नाही, तण तसंच येतं. परंपरा म्हणून राब चालू ठेवा असं कोणी म्हणू नये.

सुरगाणाघाट
राब हा परंपरेचा हट्ट नाही, मजुरीचा हिशेब आहे. हेक्टरभर भाताला दहा गुंठे रोपवाटिका लागते. तेवढं प्लास्टिक कोण विकत घेणार आणि पुढच्या वर्षी फाटलेलं टाकायचं कुठे? तुसाची राख गिरणीजवळच्या गावाला सोपी, डोंगरावर ती वाहून न्यावी लागते. मधली वाट बऱ्याच ठिकाणी दिसते: बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला चिखलणीत घालायचा, आणि राबाला फांद्या न तोडता फक्त गळलेला पाला आणि शेण वापरायचं. धग कमी पडते, थोडं तण राहतं, ते हाताने काढायचं.

@पाथर्डीफाटा, मागणीचं तुमचं बरोबर आहे, पण उपटण्यावर उपाय कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातल्या बाकीच्या उत्पन्नाची) मालकी आणि विक्री वननिवासींकडे, आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगलाचे नियम करता येतात. कंदासकट जुडी विकायची नाही, हा ठराव तिथेच होऊ शकतो.

पाथर्डीफाटा
ठराव होईल हो. पण हरसूलहून निघालेल्या टेम्पोतली जुडी तपासणार कोण?

खलबत्ता
गिऱ्हाईक. फोडशीच्या बुडाला पांढरे कंद लोंबत असतील तर घेऊ नका. निवडताना ते टाकूनच द्यावे लागतात, तुम्ही त्या वजनाचे फुकट पैसे मोजता. सपाट कापलेली जुडी मागा. आणि धुताना पानं उकलून धुवा, घडीत माती बसते.