मदत हवी आहे: वणव्यांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या आणि वनखात्याच्या कामी येतील अशा कशा ठेवायच्या?

डोंगरवाट
भोर-वेल्ह्याकडच्या गावांतल्या स्वयंसेवकांसाठी विचारतो आहे. 'नासा'च्या फर्म्स नकाशावर (उपग्रहांना सापडलेल्या आगी तो ठिपक्यांनी दाखवतो) डोळ्यांदेखत पेटलेले वणवेही दिसत नाहीत, उलट भातखाचरांत ठिपके दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर जमतात, पण जागा कळत नाही. पद्धत काय ठेवावी?

कातळसडा
फर्म्सला आगी कळवणारे, व्हिर्स हा उष्णता टिपणारा संवेदक असलेले उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. संध्याकाळी चारला लागून आठला विझलेला गवताचा वणवा त्यांना सापडणारच नाही. ठिपका हा सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आग त्यात कुठेही असू शकते. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवा.

खाचरांतले ठिपके बहुतेक राब भाजणीचे (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्याचे) असतील. ते गाळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. राबाची आग बांध ओलांडून माळावर गेली, तर सुरुवात कुठून झाली ते त्यावरूनच कळतं.

निसटलेल्या वणव्यांसाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं घ्या. ती कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि साधारण ५ दिवसांनी नवी येतात. जळालेली जागा ओळखायचा आकडा म्हणजे एनबीआर = (बी८ए − बी१२) ÷ (बी८ए + बी१२); बी८ए आणि बी१२ हे त्या चित्रांतले अवरक्त प्रकाशाचे दोन पट्टे. वणव्याआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करा; ०.१ च्या वर फरक आला तर जागा जळालेली असण्याची शक्यता धरतात. एकाच चित्रावरून मात्र ठरवू नका: काळा कातळ आणि कड्याची सावली हुबेहूब जळाल्यासारखी दिसते. शिवाय वाळल्या गवताचा एनबीआर आधीच कमी असल्याने फरक छोटा येतो. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेल्या दहा-बारा जळक्या आणि तितक्याच न जळलेल्या जागा ताडून तुमच्या डोंगरापुरता आकडा ठरवा.

होकायंत्र
फोटोंचं सांगतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आतली अक्षांश-रेखांशाची नोंद गमावतो. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

तरीही मिळते ती फोटो काढणाऱ्याची जागा, आगीची नाही! त्यासाठी दोन वेगळ्या ठिकाणांहून दोघांनी होकायंत्रावर धुराच्या बुडाची दिशा अंशांत घ्यावी. धुराचा शेंडा वाऱ्याने सरकतो, तो धरू नका. नकाशावर दोन रेषा छेदतात ती जागा. रेषांमधला कोन ६० ते १२० अंश हवा. ३ किलोमीटरवरून ५ अंशांची चूक म्हणजे सुमारे २६० मीटर. फोनचं होकायंत्र गाडीजवळ किंवा लोखंडी मनोऱ्याखाली चुकतं.

आगीच्या वरच्या उतारावर कुणीही थांबू नये. वणवा चढाला वेगाने धावतो.

जाळरेषा
आधी १९२६ वर वनखात्याला फोन, नोंद नंतर. नोंदीत कक्ष क्रमांक (वनजमिनीच्या तुकड्याचा) किंवा गट क्रमांक (सातबाऱ्यावरचा) लिहाच. आपल्याकडे वन आणि मालकी जमीन लागून असते, त्यामुळे नुसत्या 'अमुक डोंगरावर' या तक्रारीत जबाबदारी कुणाची हेच ठरत नाही. वनरक्षकाकडून त्याच्या नियतक्षेत्राचा (नेमून दिलेल्या हद्दीचा) नकाशा पाहून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम दिवाळीनंतरचं आहे. मागच्या तीन हंगामांचे जळके पट्टे एकावर एक ठेवा. रस्त्याकडेला किंवा देवळाच्या वाटेला सुरुवात पुन्हा पुन्हा होत असेल, तर तेवढ्याच तुकड्यांची यादी ग्रामसभेत ठेवा आणि ठरावासह वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्या. जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) फेब्रुवारीच्या मध्याआधी निघायला हव्यात. मार्चमध्ये ही यादी देऊन उपयोग नाही.

डोंगरवाट
आभार. गट क्रमांक नसलेल्या जुन्या नोंदींचं काय करावं?

जाळरेषा
अक्षांश-रेखांश असतील तर तलाठ्याकडच्या गाव नकाशावर बसवा. नसतील तर त्या फक्त तारखेसाठी वापरा, नकाशात घालू नका.