बाप्तिस्मा घेताना नाव बदलावंच लागतं का?

रेणुका, खानापूर

मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात नर्स आहे. घरचे सगळे हिंदू. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वॉर्डातली एक सिस्टर रात्रपाळीला त्यांच्या उशाशी बसून कन्नडमध्ये प्रार्थना करायची. मला निम्मीच कळायची, पण तिथूनच मी येशूकडे वळले. कुणी ओढून नेलं नाही, हे आधीच सांगते.

येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणार आहे. चर्चच्या मंडळीतले काहीजण म्हणतात, रेणुका म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा, ते नाव टाक आणि रिबेका घे. घरात दोन नातवंडं गेली तेव्हा आजीनं सौंदत्तीच्या डोंगरावर नवस बोलला होता. मग मी झाले, म्हणून हे नाव. आजी ८१ वर्षांची आहे. मी एसटीतून उतरून वळणावर दिसले की अजून अंगणातून ‘रेणू गे’ म्हणून हाक मारते. उद्या तिनं कुणाला हाक मारायची?

येशूला मी आयुष्य दिलंय, त्यात शंका नाही. पण ज्या मुलीनं ते दिलं ती रेणुकाच ना? चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

निवृत्त शिक्षक, बेळगाव

बाळ, बायबलमध्ये प्रेषित पौलाची पत्रं आहेत, त्यांच्या शेवटी जे सलाम असतात ते आपण घाईत वाचून टाकतो. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढ. तिथे हर्मेस आहे, ते तर सरळ ग्रीक देवाचंच नाव. फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीत आहे, त्याचं नाव अफ्रदिती देवीवरून. पौल त्याला भाऊ म्हणतो, सहकारी म्हणतो. नाव बदल, असं कुठेही म्हणत नाही.

येशूकडे वळल्यावर शौलाचा पौल झाला म्हणतात, तेही नीट बघ. दमास्कसच्या वाटेवर प्रभूनं ‘शौला, शौला’ अशीच हाक मारली. त्यानंतरही ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधलं पुस्तक त्याला शौलच म्हणतं. पौल हे त्याचं दुसरं नाव १३व्या अध्यायात येतं. आणि आपले नारायण वामन टिळक! १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नाव नारायणच राहिलं. त्यांची भजनं आपण पेटी-तबल्यावर म्हणतो, तेव्हा कुणाला खटकतं का?

कृपा, निपाणी

सरांचं पटतं, पण माझं वेगळं झालं. मी चौथी मुलगी, नाव ठेवलं नकुसा. आई विड्या वळायची. शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं की मी पाटीत तोंड घालायची. बाप्तिस्म्याला मी कृपा झाले आणि पहिल्यांदा मान वर करून ‘हजर’ म्हणावंसं वाटलं. दहावीच्या मार्क्स कार्डावर अजून जुनंच नाव आहे, असू दे. ताई, तुमचं नाव तर कुणीतरी देवाकडे मागून आणलेलं. माझ्या नावासारखं ते नाही. ते टाकायची घाई करू नका.

एक वाचक, चंदगड

मला मात्र नवं नावच बरं वाटतं. नाव ऐकून लोक विचारतात, आणि येशूविषयी साक्ष द्यायची संधी मिळते.

रेणुका, खानापूर

सगळ्यांचे आभार. कृपाताई, तुमचं वाचून रडले. पाळक म्हणाले, रजिस्टरात तू सांगशील ते नाव लिहीन.

रविवारी गावी गेले होते. आजी वालाच्या शेंगा सोलत होती. तिला एपफ्रदीताचं वाचून दाखवलं, तो अगदी मरणाला टेकला होता इथपर्यंत. देवीच्या नावाचं तिनं काहीच विचारलं नाही. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, ‘मग बरा झाला काय गे तो?’

झाला म्हटलं. बाबा दारात काठी टेकून उभे होते. आजीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘वाच की पुढं, रेणू.’